राहून गेलेला वर्षावास

मी गोलकीपर होतो, त्यामुळे थविनला मी आयुष्यभर पाठीमागूनच पाहिलं. त्याचा चेहरा पेपरवाल्यांनी पाहिला, गावातल्या पोरींनी पाहिला. मला मात्र आजही डोळे मिटले की दिसतो तो घामाने पाठीला चिकटलेला सात नंबर आणि जरासा खाली आलेला डावा खांदा. तो खांदा खाली गेला की समजायचं, आता डाव्या पायाचा फटका बसणार. समोरच्या बचावपटूंना हे कधी उमगलं नाही. बिचारे समोर होते ना.

माझं खरं नाव प्रासर्ट, पण ते फक्त मतदारयादीत आहे. गाव मला लहानपणापासून जाड्या म्हणतं, आणि आता साठीच्या वाटेवर वजन उतरलं तरी नाव काही उतरलं नाही. माझा बर्फाचा धंदा. आमच्या नोंगखोन गावापासून नदीकाठच्या बाजारापर्यंत ज्याच्या पेल्यात बर्फ खळखळतो, तो माझ्या गाडीतून उतरलेला असतो. ही गाडी पुढे येणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो.

थविनची आई बुआला मावशी. नवरा अरबांच्या देशात कामाला म्हणून गेला तो गेलाच. दोन वर्षं पत्रं आली, मग तीही थांबली. मावशी घराखाली मागावर बसायची आणि रेशीम विणायची. आम्ही विहारामागच्या मैदानावर खेळत असताना तिच्या मागाची खटखट ऐकू यायची, आणि ती थांबली की थविन खेळता खेळता थांबायचा. "आई उठली वाटतं," म्हणायचा. तेवढ्यात मी चेंडू पळवायचो.

आमच्याकडे मुलगा विशीत आला की आईची झोप उडते. मुलाने एक वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, भिक्खू होऊन विहारात काढावेत अशी रीत आहे. आई आपल्या हातांनी चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, त्याच्या हातात देते. मेल्यावर त्याच चीवराचं टोक धरून ती स्वर्गात जाते, असं आमच्या बायका मानतात. बाईला स्वतःला भिक्खू होता येत नाही, तेव्हा तिला ही एकच दोरी. आणि ज्याने चीवर घेतलंच नाही, तो पुरुष आमच्यात 'कच्चा'. भात शिजला नाही की पानात वाढत नाहीत, तसा. त्याला मुलगी द्यायलाही लोक कुरकुरतात.

प्रांताच्या ढालीची अंतिम मॅच होती तेव्हा थविनला नुकतीच वीस वर्षं पूर्ण झाली होती. सकाळी आमची अख्खी टीम विहारात मोठ्या बुद्धमूर्तीसमोर बसली. प्रत्येकाने आपापला नवस बोलायचा होता.

"जिंकलो तर शंभर उकडलेली अंडी," मी हात जोडून म्हणालो.

थविन फिसकन हसला. "बुद्धाला अंडी कशाला लागतात रे, जाड्या? सरळ सांग ना, तुला खायची आहेत."

"तू तुझं बघ."

मागे बुआला मावशी कमळाच्या कळ्या घेऊन बसली होती. थविनने कपाळ जमिनीला टेकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "आज जिंकलो तर याच वर्षी चीवर घेईन. पूर्ण वर्षावास. एकही दिवस कमी नाही."

मी मान वळवून मावशीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मग तिने हातातल्या कळ्या कपाळाला लावल्या.

आम्ही एक शून्यने जिंकलो. शेवटची सात मिनिटं उरली असताना त्याचा डावा खांदा खाली गेला आणि मी गोलातूनच ओरडलो, "गेला!" चेंडू अजून त्याच्या पायातच होता. दुसऱ्या दिवशी मी शंभर अंडी मूर्तीसमोर ठेवली, उदबत्ती विझेपर्यंत थांबलो आणि मग टीमने ती मिटक्या मारत खाल्ली. माझा नवस असा पोटात जाऊन मिटला.

तिसऱ्या दिवशी बँकॉकहून एका बँकेच्या टीमचा माणूस आला. त्या काळी मोठ्या टीम बँकांच्या नाहीतर फौजेच्या. खेळाडूला नोकरीच मिळायची. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं, आणि वर्षावास पाच आठवड्यांवर होता.

मी तेव्हा त्यांच्या ओट्यावर बसून चिकट भात आणि पपईचा ठेचा हाणत होतो. थविन आईसमोर मान खाली घालून बसला होता.

"पुढच्या वर्षी घेतो, आई. नक्की."

"जा रे," मावशी हसून म्हणाली. "विहार काय पाय फुटून पळून जातोय?"

तिने हे म्हणायला नको होतं, असं मला पुढे हजार वेळा वाटलं. पण कुठली आई दुसरं काही म्हणेल?

त्या पावसाळ्यात मावशीने मागावर एक वस्त्र विणलं. मधाच्या रंगाचं रेशीम, हिरवी कड. भिक्खू होण्याआधी मुलगा एक दिवस 'नाग' असतो, डोकं भादरून नटूनथटून विहाराला तीन फेऱ्या मारतो. त्या दिवशी नेसायचं ते वस्त्र. विणून झाल्यावर तिने ते पेटीत ठेवलं.

थविन सात वर्षं बँकेकडून खेळला. सकाळी कागदांवर शिक्के मारायचा, दुपारी मैदानात. राष्ट्रीय संघाच्या सरावालाही एकदा बोलावलं होतं, बाकावर बसून परत आला. गावात टीव्ही माझ्या दुकानात, म्हणून त्याची मॅच असली की अर्धं गाव बर्फाच्या लाद्यांभोवती जमायचं. मावशी सगळ्यांच्या मागे बसायची आणि पडद्याकडे न बघता दर पाच मिनिटांनी एकच विचारायची, "पडला का?"

"नाही मावशी, पळतोय."

"बरं."

दर वर्षी वर्षावास जवळ आला की ती पेटी उघडायची आणि ते रेशीम अंगणात बांबूवर उन्हाला घालायची. अख्ख्या गावाला ते दिसायचं. तिने तोंडाने कधी कुणाला काही सांगितलं नाही, पण ते वस्त्र सांगायचंच. शेजारची एक भवानी एकदा कुंपणावरून म्हणाली, "कच्चा घड किती वर्षं टांगून ठेवणार, बुआला? काळा पडेल हो."

"माझ्या घरात टांगलाय," मावशी म्हणाली. "तुझ्या डोक्यावर पडणार नाही."

आणि वस्त्र पुन्हा घडी करून पेटीत. या वर्षी स्पर्धा, त्या वर्षी परदेशी दौरा, पुढल्या वर्षी नवा कोच आणि जागा टिकवायची धडपड. थविन खोटं बोलत नव्हता. दर वर्षी त्याला खरंच पुढचं वर्ष मोकळं दिसायचं.

आठव्या वर्षी एका राकट बचावपटूने मागून घसरत येऊन त्याचा उजवा गुडघा फोडला. त्या दिवशी मावशीने "पडला का?" विचारलं आणि दुकानात कुणी उत्तर दिलं नाही.

गावाने लगेच निकाल दिला: नवस भोवला. मला असा संताप आला! अरे, लाथ त्या माणसाने घातली, सगळ्या देशाने पाहिली, आणि तुम्ही बुद्धाच्या नावावर घालता? बुद्ध काय मागून घसरत येतो? पण बोलून उपयोग नव्हता. मावशीच्या कानावर ते पडायचं तेव्हा पडलंच होतं.

बँकॉकला एक शस्त्रक्रिया झाली, ती नीट बसली नाही. दुसरी चार महिन्यांनी ठरली. मध्ये पावसाळा होता. अशात एका सकाळी मावशी बोचकं घेऊन माझ्या दुकानात आली.

"जाड्या, गाडीत जागा आहे का?"

"मागे बर्फ आहे, मावशी. गोठशील. पुढे बस. कुठे जायचंय?"

"डोंगरावरच्या विहारात सोड."

सत्तर किलोमीटर. गावात तिने आजारी बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं. निम्मी वाट झाल्यावर बोचकं सोडून तिने मला आतलं दाखवलं. पांढरं लुगडं, पांढरा सदरा, पांढरी ओढणी. बाईला चीवर नसतं, पण डोकं भादरून पांढरं नेसून ती व्रतस्थ राहू शकते.

"मी करते त्याचा वर्षावास," ती म्हणाली. "मोजून तीन महिने. मग नवस त्याचा गुडघा सोडेल."

"नवस त्याने बोललाय, मावशी. तू कशाला?"

"तो बोलला तेव्हा मी मागे बसले होते ना? ऐकणाऱ्याच्याही अंगावर थोडा येतोच."

"थविनला सांगितलंस?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. कळलं तर तो आतून मोडेल, आणि मोडलेल्याला औषध लागू पडत नाही. थांबव गाडी. शपथ घे."

मी गाडी थांबवली. मागे बर्फ वितळून रस्त्यावर टपटपत होता. विहाराच्या भिंतीत माझ्या आईची राख आहे, तिची शपथ घातली मावशीने. मी घेतली. मी साधा माणूस, घेतलेली शपथ पाळायची एवढंच मला कळत होतं.

तीन महिन्यांनी मीच तिला आणायला गेलो. डोकं भादरलेलं, भुवयाही काढलेल्या, चेहरा सोललेल्या अंड्यासारखा. वाटेत ती खिडकीबाहेर बघत गुणगुणत होती. महिनाभराने डोक्याला फडकं बांधून ती दुसऱ्या शस्त्रक्रियेला बँकॉकला गेली, बारा दिवस मुलाच्या उशाशी राहिली.

गुडघा बरा झाला नाही.

मी तावातावाने आमच्या विहाराच्या लुआंगपूंकडे गेलो. लुआंगपू म्हणजे थोरले भन्ते, तेव्हाच सत्तरीचे होते. त्यांना डोंगरावरची बातमी होतीच. मी म्हणालो, "बाईने तीन महिने उपास काढले. मग गुडघा का नाही?"

"गुडघ्याचं गुडघ्यापाशी," ते म्हणाले. "तिचं तिच्यापाशी. तू बर्फाचं बघ."

थविन गावी परतला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. मावशीने रेशीम उन्हाला घातलं. मी त्याला म्हटलं, आता काय अडचण आहे? बँक सुटली, दौरे सुटले.

त्याने बांबूवरच्या वस्त्राकडे पाहिलं. "आता घेतलं तर लोक काय म्हणतील? पाय गेला म्हणून भिक्षापात्र धरलं. पोटासाठी."

"लोक काहीही म्हणतात. मला जाड्या म्हणतात."

"तू आहेस जाड्या," तो म्हणाला आणि लंगडत घरात गेला.

मग तो तालुक्याच्या शाळेत खेळाचा मास्तर झाला, आणि पुढे तालुक्याच्या टीमचा कोच. खेळाडू म्हणून तो चांगला होता. कोच म्हणून त्याहून चांगला होता, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. कापणी झालेल्या शेतात, भाताच्या खुंटांवर तो पोरांना अनवाणी खेळवायचा. खुंट टोचले की पाय आपोआप हलके पडतात. उजव्या पायाच्या पोराला आठवडाभर डाव्यानेच खेळायला लावायचा. ओरडायचा नाही. माझ्याकडून नेलेल्या बर्फाच्या रिकाम्या खोक्यावर दुखरा पाय लांब करून बसायचा, आणि पोरगं चुकलं की खोक्यावर बोटाने टकटक करायचा. पोरं त्या टकटकीला शिव्यांपेक्षा जास्त घाबरायची.

त्याचा एक नियम मात्र अख्ख्या प्रांतात माहीत होता. वीस वर्षांच्या खेळाडूने चीवर घ्यायचं म्हटलं की कोच अडवणार नाही. कुठलीही मॅच असो.

थनू म्हणून आमचा एक आघाडीचा पोरगा होता, हरणासारखा. उपांत्य सामना आला आणि नेमका त्याच आठवड्यात त्याच्या घरच्यांनी मुहूर्त काढला. मी मैदानावर गेलो आणि भांडलो.

"थविन, त्यांना सांग, पंधरा दिवस पुढे ढकला. वर्षावास सुरू व्हायला वेळ आहे अजून."

"नाही."

"त्याच्याशिवाय आपण हरू."

"हरू."

"अरे, सात वर्षांनी उपांत्य सामन्यात आलोय!"

"मॅच दर वर्षी असते, जाड्या. त्याची आई दर वर्षी असेल असं कुणी लिहून दिलंय?"

माझ्या तोंडाशी शब्द आला होता: आणि तुझी? मी जीभ चावली. आम्ही तीन शून्यने हरलो. थनूच्या मिरवणुकीत मात्र थविन नाचला, त्या गुडघ्यावर, ढोलापुढे. बुआला मावशी चीवराला हात लावून नमस्कार करायला रांगेत उभी होती. दुसऱ्याच्या मुलाच्या चीवराला.

अशी सतरा वर्षं गेली. त्याच्या हाताखालून पन्नासेक पोरं भिक्खू होऊन आली, 'पिकून' आली. तो एकटा कच्चा. लग्नही केलं नाही. मी त्याचं कोडं सोडवायचं सोडून दिलं होतं. एकच सल होता: नवस कधीच फिटलाय हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. म्हणजे असं मला वाटत होतं.

अठराव्या वर्षी आमची टीम वरच्या लीगच्या उंबरठ्यावर आली आणि मावशी अंथरुणाला खिळली. यकृताचा आजार. आमच्या भागात नदीतली मासळी न शिजवता खातात, त्यातून तो होतो. डॉक्टर म्हणाले, महिना, फार तर दीड.

त्या संध्याकाळी थविन माझ्या दुकानात आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "या वर्षी घेतोय. क्लबला कळवलं. वर्षावास सुरू होतो त्या दिवशी टीम सोडतोय. पूर्ण तीन महिने."

मी बोटं मोजली. वर्षावास सहा आठवड्यांवर होता. "थविन, इतके दिवस कुठे आहेत? उद्याच घे. सात दिवसांचं घे. कितीतरी लोक घेतात."

"सात दिवस? मी काय बोललो होतो आठवतं ना? एकही दिवस कमी नाही."

"ती जायला टेकलीय रे!"

"म्हणूनच," तो म्हणाला.

मी लुआंगपूंना गाठलं. ते तेव्हा नव्वदीला आले होते, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून ते मावशीच्या घरी आले. चटईवर मावशी पडलेली, हळदीसारखी पिवळी. लुआंगपू थविनला म्हणाले, "आज संध्याकाळी घे. उद्या सकाळी सोड. तिला पुरेल."

थविनचे डोळे भरून आले होते. "लुआंगपू, पंचवीस वर्षं तिला थांबवलं. आणि आता एका रात्रीवर भागवू? एवढं हलकं काही नाही देणार मी तिला."

"ती काय मागतेय ते विचारलंस?"

तो आईकडे वळला. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिला हवं होतं, मी सांगतो. ती एक रात्र तिला पाण्यासारखी हवी होती. पण त्याचा तो चेहरा बघून ती म्हणाली, "राहू दे. तो पूर्ण म्हणतोय ना, मग पूर्ण. मी थांबते."

आयुष्यभर तिने हेच केलं होतं. शपथ नसती तर मी बोललो असतो: अरे शहाण्या, तुझे तीन महिने कधीच होऊन गेले, तिला फक्त हातातून हातात द्यायचंय. पण मावशीची नजर माझ्यावरून हलली नाही, आणि मी चपला घालून घरी निघून आलो. याची मला लाज वाटते. आजही वाटते.

मावशी थांबली नाही. वर्षावासाला एकोणीस दिवस उरले असताना, पहाटे, भिक्खूंची रांग भिक्षेला गावात शिरायच्या वेळेला ती गेली.

आई किंवा बाप गेला की मुलगा चितेसमोर चीवर घेतो, ही आमची आणखी एक रीत. एका दिवसाचं चीवर. सकाळी घ्यायचं, प्रेतापुढे चालायचं, अग्नी दिला की सोडायचं. जो माणूस एका दिवसाला हलकं म्हणाला होता, त्याच्या वाट्याला तोच एक दिवस आला.

पेटीतून मी रेशीम काढलं. पंचवीस वर्षं उन्हं खाऊन मधाचा रंग फिकट झाला होता, कड मात्र तशीच हिरवीगार. थविनचं डोकं लुआंगपूंनी भादरायला घेतलं. पहिली बट आईने कापायची असते. ती माझ्या बायकोने कापली आणि कमळाच्या पानात धरली. त्याच्या हाताखालून गेलेले नऊ खेळाडू कुणी न सांगता डोकी भादरून आले होते, थनू सगळ्यांत पुढे. ते एका दिवसाचे श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, झाले. थविनने मात्र भिक्खूची पूर्ण दीक्षा मागितली.

चीवर द्यायला आई नाही, म्हणून ते शवपेटीवर ठेवलं होतं. त्याने ते तिथून दोन्ही हातांनी उचललं. मग गुडघे टेकले. तो फुटका गुडघा फरशीवर टेकताना त्याच्या तोंडून आवाज निघाला, पण तो हलला नाही.

दीक्षेआधी ठरलेले प्रश्न विचारतात. मनुष्य आहेस का? होय भन्ते. पुरुष आहेस का? होय भन्ते. मग आलं, "ऋणमुक्त आहेस का?"

थविन थांबला. सभामंडपात दोनशे माणसं होती आणि पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. लुआंगपूंनी पुन्हा विचारलं, हळू आवाजात. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "होय भन्ते."

आणि शेवटी, "वीस वर्षं पूर्ण झालीत का?"

तेव्हा बायकांमधून हुंदके फुटले. पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस म्हणाला, "होय भन्ते."

शवपेटीला बांधलेला पांढरा दोरा हातात धरून तो पुढे चालला, चितेभोवती तीन उलट्या फेऱ्या. लंगडत. मी पेटीला खांदा दिला होता, म्हणजे पुन्हा त्याच्या पाठीमागेच.

अग्नी दिल्यावर लोक पांगले. तो मंडपात एकटा बसला होता. मी समोर जाऊन तीनदा डोकं टेकलं. पोरपणी ज्याच्या पाठीत गुद्दे घातले त्याला नमस्कार करताना विचित्र वाटलं. 'अरे' म्हणायला गेलो आणि जीभ अडखळली.

"भन्ते," मी म्हणालो, "माझा एक अपराध आहे. तुमची आई त्या वर्षी बहिणीकडे गेली नव्हती. मी गाडीतून तिला..."

"डोंगरावर सोडलंस," तो म्हणाला.

मी मान वर केली.

"दवाखान्यात ती माझ्या उशाशी होती, जाड्या. बारा दिवस. फडकं डोक्याला होतं, भुवयांना नव्हतं. नुकत्याच उगवत होत्या. खुंटांसारख्या. भुवया कोण काढतं, मला कळत नाही का?"

"मग... सतरा वर्षं... तुला माहीत होतं? मग एक दिवसाचंही का नाही घेतलंस?" माझा आवाज चढला. भन्ते वगैरे मी विसरलो.

"तिने माझ्यासाठी तीन महिने दिले. मी तिला त्याहून कमी कसं देऊ? दर वर्षी वाटायचं, पूर्ण देईन. त्याहून कमी घेऊन तिच्यासमोर जायला तोंड नव्हतं." त्याने चितेकडे पाहिलं. "तिने कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही. तूही चांगला गोलकीपर निघालास. काही बाहेर जाऊ दिलं नाहीस."

मग आम्ही दोघं रडलो. भिक्खूने रडायचं नसतं म्हणतात. कुणी बघायला नव्हतं.

संध्याकाळी नऊ पोरांनी चीवरं उतरवली. थविनने उतरवलं नाही. टीमचा शेवटचा सामना झाला, निकाल त्याने विचारला नाही, मीही सांगितला नाही. जिंकलो होतो. मग वर्षावास सुरू झाला.

रोज पहाटे भिक्खूंची रांग गावातून जाते. ज्याची दीक्षा सगळ्यांत नवी तो रांगेत शेवटी, वय काहीही असो. वीस-वीस वर्षांच्या पोरांच्या मागे थविन अनवाणी, भिक्षापात्र घेऊन, पाय ओढत चालायचा. मावशी चाळीस वर्षं आपल्या दारात चिकट भाताची टोपली घेऊन उभी राहिली होती, लोकांच्या मुलांच्या पात्रात मूठ मूठ भात घालत. त्या पहिल्या पहाटे मी समोरच्या कोपऱ्यावर बर्फ उतरवत होतो. रांग त्या बंद दारावरून पुढे गेली. तो थांबला. पात्राचं झाकण उघडलं, एक मूठ भात घालायला जेवढा वेळ लागतो तेवढा उभा राहिला, झाकण लावलं आणि पोरांना गाठायला निघाला.

दुसऱ्या दिवशी मी घराखालून मावशीची टोपली शोधून काढली, बायकोने भात वाफवून दिला, आणि मी त्या दारात उभा राहिलो. तो आला, थांबला, झाकण उघडलं. मी भात घातला. त्याने वर पाहिलं नाही. तीन महिने, एकही दिवस न चुकता, मी तिथे उभा होतो.